‘नाही’चा अर्थ विचारणाऱ्या साळवेबाई

डॉ. विमल साळवे यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख हवा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी आनंदाने होकार दिला आणि लगेच धास्तावलो. छापायला जाण्यापूर्वी हा मजकूर बाईंच्या हाती पडणार नाही, याची खात्री संपादकही देऊ शकले नाहीत. बाईंना विशेषणांचा राग आहे. आमच्या अहवालात ‘अत्यंत उदास’ असे शब्द दिसले की त्यांचं पेन सरसावतं. “अत्यंत म्हणजे किती? जेवण सोडलं का? आंघोळ सोडली? काय सोडलं ते लिहा,” असं त्या सुनावतात. तेव्हा ‘ऋषितुल्य’, ‘व्रतस्थ’ वगैरे शब्द मी इतर लेखकांसाठी राखून ठेवतो आणि बाईंनी काय केलं तेवढंच सांगतो.

बाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे गोळ्या लिहून देणारा डॉक्टर. बाई चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, म्हणजे बोलणाऱ्या, ऐकणाऱ्या आणि चाचण्या घेणाऱ्या. मी भाईंदर पूर्वेला नवा दवाखाना थाटला होता. शेजारी रक्त तपासायची लॅब असल्यामुळे सुरुवातीला माझ्याकडे येणारे बहुतेक लोक बाही वर करूनच आत शिरायचे. अशात एक गुंतागुंतीचा पेशंट आला. जवळच्याच इंद्रलोक वसाहतीत राहणाऱ्या साळवेबाई व्यक्तिमत्त्व चाचण्या उत्तम घेतात, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी चिठ्ठी दिली : ‘कृपया चाचणी करून निदान कळवावे.’ अहवाल आला. आलेख होता, नीटस टिपणं होती आणि खाली बाईंच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ होती : ‘निदान आपण करायचे आहे. चाचणी फक्त मदत करते. सवडीने भेटीस यावे.’

मी सवडीने गेलो नाही, तणतणत गेलो. बाईंनी दार उघडलं, मला बसवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग तीच प्रश्नावली माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “आधी स्वतः भरा. मग भांडू.” मी भरली. राग येत नाही, हेवा वाटत नाही, थाप कधी मारली नाही, असं सगळं झकास भरलं. बाईंनी ती तपासली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “डॉक्टर, तुम्ही फारच सज्जन निघालात हो. एवढा सज्जन माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये मला अजून भेटलेला नाही.” मग त्यांनी समजावून सांगितलं की अशी काही विधानं मुद्दाम पेरलेली असतात. माणूस स्वतःला रंगरंगोटी करून दाखवतोय का, हे त्यावरून कळतं. कुणी चांगलं दिसायला धडपडतो, तर कुणी लोकांनी लक्ष द्यावं म्हणून आहे त्याहून वाईट दाखवतो. ते आधी बघायचं आणि मग आजार शोधायचा. भांडण तिथेच बारगळलं, आणि मी न विचारता बाईंनी मला शिष्य करून घेतलं.

या ग्रंथाचे सगळेच वाचक आमच्या धंद्यातले नसतील, म्हणून थोडा खुलासा करतो. या प्रश्नावलीत प्रश्न कमी आणि विधानं जास्त असतात. प्रत्येक विधान आपल्याला लागू आहे की नाही, एवढंच सांगायचं. उत्तरांचे गुण मांडून आलेख काढला की कुठे उंचवटा आहे ते दिसतं. एक उंचवटा नैराश्याकडे बोट दाखवतो, तर दुसरा वास्तवाचं भान सुटण्याकडे, म्हणजे ज्याला आम्ही सायकोसिस म्हणतो त्याकडे. या दोन वाटांवरची औषधं वेगळी, काळजी वेगळी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजराही वेगळ्या. पहिल्याला लोक निदान ‘टेन्शन घेतलंय’ म्हणतात. दुसऱ्याला सरळ वेडा म्हणतात.

बाई मूळच्या मराठवाड्यातल्या. लग्नानंतर मुंबईला आल्या, नोकरी सांभाळून शिकल्या, सरकारी मनोरुग्णालयात बरीच वर्षं काम केलं आणि निवृत्तीची वाट न पाहता इथे स्वतःची खोली थाटली. इथे आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की प्रश्नावली ज्या मराठीत छापली आहे ती मराठी या शहरात कुणी बोलत नाही. ‘माझी क्षुधा मंदावली आहे’ हे वाक्य ऐकून चेणे गावातल्या एका टेम्पोवाल्याने “मॅडम, ही क्षुधा कोण?” असं विचारलं होतं. बाई तो किस्सा अजून हसत हसत सांगतात. हसून झाल्यावर त्यांनी काय केलं, तर भाजी घेताना, रिक्षात, जिन्यात भेटणाऱ्या माणसांना त्या विचारू लागल्या, “मन जाग्यावर नसलं की तुम्ही काय म्हणता?” कुणी म्हणालं करमत नाही, कुणी म्हणालं जीव घाबरतो, कुणी म्हणालं डोकं जड झालंय. बाईंच्या समोरच्या गुजराती बेननी “जीव नथी लागतो” सांगितलं, आणि एका रिक्षावाल्याने “माताजी, मन मर गया है, बोलते हैं,” असं सांगून पुढे स्वतःचीच कहाणी ऐकवली. बाई मीटर बंद करायला लावून ती ऐकत बसल्या. त्यांचं हिंदी ऐकायला मिळणं हा वेगळा आनंद आहे. “भैया, तुम्हारा मन को क्या हुआ, बराबर बताव,” हे त्यांचं वाक्य आमच्यात प्रसिद्ध आहे.

याचा अर्थ बाई छापील प्रश्नावलीला कमी लेखतात असा मुळीच नाही. तसं कुणी बोललं की त्या झापतात. एकदा मी एका शिक्षिकेला ‘कामाचा ताण’ म्हणून सोडून देणार होतो. शिक्षिका हसतमुख होत्या, उत्तरं व्यवस्थित देत होत्या. साळवेबाईंनी चाचणी घेतली तर आलेखात संशयाचा उंचवटा मोठा निघाला. चौकशी केली तेव्हा कळलं की स्टाफरूममधले सहकारी पाण्यात काही मिसळतात अशी त्यांची खात्री होती, आणि मला त्या बोलल्या नव्हत्या कारण मीही ‘त्यांच्यातलाच’ असू शकलो असतो. वेळेवर औषध मिळालं, नोकरी टिकली. “तुम्हाला जे तोंडावर सांगत नाहीत ते कागदाला सांगतात,” बाई मला म्हणाल्या.

पण ज्या प्रसंगामुळे मी हा लेख लिहायला बसलो, तो भाईंदरजवळच्या तारोडी गावातला आहे. त्यातल्या रुग्णाला मी रोझलीन आंटी म्हणणार आहे. खरं नाव वेगळं आहे. लिहायची परवानगी त्यांनीच दिली आणि हे नावही त्यांनीच निवडलं. मूळ नावापेक्षा हे बरं वाटतं, म्हणाल्या.

आंटींचा मुलगा नेल्सन माझ्याकडे आला तो घाईत होता. अंधेरीला नोकरी करणारा, सरळ स्वभावाचा मुलगा. म्हणाला, “डॉक्टर, मम्मीची टेस्ट झालीय, रिपोर्ट पण आलाय. तिला एका होममध्ये ठेवतोय, कायमचं. तिकडचे बोलले सायकियाट्रिस्टचं लेटर पाहिजे. तेवढं द्या ना.” मी अहवाल पाहिला. एका रुग्णालयात चाचणी झाली होती. नैराश्याची रेघ अगदी सपाट होती आणि सायकोसिसचा उंचवटा टोकदार. त्यावरून औषधं सुरू होती आणि त्या औषधांनी आंटी दिवसभर गुंगीत असायच्या. त्याआधी काय झालं होतं? त्यांच्याच घरात राहणारी धाकटी अविवाहित बहीण वारली होती. तेव्हापासून आंटींनी चूल सोडली, चर्चमधला मिस्सा सोडला, मागल्या दारी एकट्या बसून कुणाशी तरी बोलायला लागल्या. सून घाबरली. गावात कुजबुज सुरू झाली. नेल्सन म्हणाला, “आई वेडी झालीय, हे मी तरी किती दिवस लपवणार?”

माझ्या एका पत्रावर ती बाई आपल्या घरातून कायमची उठणार होती. बाईंना दाखवल्याशिवाय असं पत्र द्यायचं नाही, हा माझा रिवाज, म्हणून मी त्यांना फोन केला. नेल्सन वैतागला. “टेस्ट ऑलरेडी झालीय ना? परत कशाला करताय?” बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बरोबर आहे त्याचं, बिचाऱ्याला किती हेलपाटे घालायला लावायचे? आपणच जाऊ.” सत्तरीला टेकलेल्या बाई गुडघे दुखत असताना माझ्याबरोबर तारोडीला आल्या.

आंटी ओट्यावर बसल्या होत्या. बाई त्यांच्या शेजारीच खाली बसल्या. आधी बहिणीचं नाव विचारलं, ती काय करायची, कोणता मासा चांगला करायची, हे विचारलं. आंटी तुटक का होईना, बोलत्या झाल्या. मग बाईंनी पिशवीतून प्रश्नावली काढली आणि एकेक विधान सावकाश वाचायला सुरुवात केली. नेल्सन दाराशी उभा होता, मी पायरीवर.

“सकाळी उठल्यावर मला ताजंतवानं वाटत नाही.”

“न्हाय,” आंटी म्हणाल्या.

बाईंचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. “न्हाय म्हणजे काय हो? वाटतं, की वाटत नाही?”

आंटींनी बाईंकडे असं पाहिलं, जणू ही शिकलेली बाई डोक्याने जरा कमीच आहे. “न्हाय वाटत, बाय. तेच तर सांगतंय.”

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या पानं उलटत गेल्या आणि जिथे जिथे विधानात ‘नाही’ होतं ती विधानं वाचत गेल्या. जेवणावर वासना नाही. “न्हाय.” कामात जीव रमत नाही. “न्हाय.” रात्री सलग झोप लागत नाही. “न्हाय, बाय, कवाच न्हाय.” प्रत्येक ‘न्हाय’ हा होकार होता. रुग्णालयात त्याच शब्दाची खूण ‘लागू नाही’च्या रकान्यात पडली होती आणि आंटींचं सगळं दुःख त्या सपाट रेघेखाली गाडलं गेलं होतं.

मग बाई दुसऱ्या विधानांकडे वळल्या. इतरांना ऐकू न येणारे आवाज मला येतात. “हाय.” कुणाचे? “भैनीचा. सकालची हाक मारते, ऊठ गो, म्हनते.” ती आत्ता आहे कुठे? आंटी उखडल्या. “कुठं म्हंजे? शिमित्रीत, कबरीत. मीच माती टाकली ना! मना काय येडी समजली काय?” वास्तवाचं भान शाबूत होतं; ही हाक दुःखातली होती. कुणीतरी माझ्यावर सतत पाळत ठेवतं. “हाय.” कोण? आंटींनी दाराकडे हनुवटी केली. “वरती देव ठेवतो. आन् खालती ह्यो नेल्सन.”

मला हसू आलं, नेल्सनलाही आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचं विधान वाचलं. आता जगण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

“न्हाय,” आंटी म्हणाल्या.

बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि त्यांचा हात हातात घेतला. “न्हाय उरलं?”

“न्हाय, बाय. काय न्हाय उरला.” आंटींनी पदर तोंडाला लावला. शेतात फवारायचं औषध मागच्या खोलीत कुठल्या फळीवर आहे तेही त्यांनी सांगितलं. त्या रोज ते बघून यायच्या. नेल्सन दाराची चौकट धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

बाई मला म्हणाल्या, “डॉक्टर, आता तुमचं काम.” नेल्सनने ती बाटली तिथल्या तिथे उचलून शेजारच्या घरी नेली. मी आंटींना तपासलं, बराच वेळ बोललो, आधीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून औषधं बदलली. आंटींना एकटं सोडायचं नाही असं ठरलं, आणि सुनेने रजा काढली. पत्र मी लिहिलं नाही. होमचा बेत तसाच राहिला आणि आंटी आपल्या घरात राहिल्या.

परत येताना रिक्षात मी त्या रुग्णालयातल्या चाचणी घेणाऱ्या मुलीला नावं ठेवू लागलो, तर बाईंनी मला गप्प केलं. “तिची चूक नाही. तिने ऐकलं तेच लिहिलं. नियमाने नातेवाईक बाहेर, विचारणार कुणाला? तुमची बायको विचारते, आज भाजी आणली नाहीत ना? तुम्ही म्हणता, नाही. तिला कळतं की आणलेली नाही. हे इंग्रजीतून आलेल्या कागदाला कोण सांगणार?” मी म्हटलं, “मग आपण ती विधानंच बदलू.” त्यावरही त्या चिडल्या. “मापाला हात लावायचा नाही. वजन चुकलं म्हणून कुणी तागडी कापतं का? विचारायची रीत बदला.”

रीत बदलली. आज बाईंच्या हाताखाली शिकलेल्या कुणाच्याही खोलीत नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ चालत नाही. विधान ऐकायचं आणि आपल्याबद्दल जे खरं असेल ते पूर्ण वाक्यात, आपल्या बोलीत सांगायचं. वेळ दुप्पट जातो. विद्यार्थी कुरकुर करतात, चहाला बाहेर पडल्यावर बाईंची नक्कल करतात : “नाही म्हणजे काय हो?” मध्यंतरी त्यांच्यातल्याच एका मुलाच्या लग्नात बोहल्यावर नवरीला कुणीतरी विचारलं, “सासरी जायची भीती वाटत नाही ना?” ती “नाही” म्हणाली, आणि बाईंचे विद्यार्थी एका सुरात ओरडले, “पूर्ण वाक्यात!” पहिल्या रांगेत बसलेल्या बाई सगळ्यांत जास्त हसल्या. पण त्याच विद्यार्थ्यांनी या रीतीमुळे कितीतरी माणसं चुकीच्या वाटेवर जाता जाता परत आणली आहेत, हे मी जवळून पाहिलं आहे.

बाईंच्या मायेबद्दल लिहायला गेलो तर त्यांना आवडणार नाही, पण एवढं लिहितोच. माझी आई गेली तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण “सावरा आता” म्हणायचा. बाई आल्या त्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, “आईंची एखादी खोड सांगा.” आई दूधवाल्याशी कशी हुज्जत घालायची ते मी सांगू लागलो, आणि सांगता सांगता इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडलो. बाईंनी मला रडू दिलं. मग माझ्या पानात भाकरी वाढली आणि मी जेवेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

दोषही सांगायला हवेत, नाहीतर बाई मलाच पुन्हा ती प्रश्नावली भरायला लावतील. बाई हट्टी आहेत. गुडघ्यांचं ऑपरेशन करा, असं आम्ही सगळे घसा कोरडा करून सांगतो. त्या “बघू” म्हणतात. दुसऱ्याच्या ‘बघू’चा अर्थ त्या खोदून खोदून विचारतात, स्वतःच्या ‘बघू’चा अर्थ मात्र कुणाला विचारू देत नाहीत. हा सत्कारही त्यांनी बरेच दिवस ‘बघू’वर टांगून ठेवला होता. आमचं त्यांच्याशिवाय अडतं हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्याचा त्या थोडासा फायदा घेतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाई, तुम्ही मला माणसाचं ऐकायला शिकवलंत. या शहरात चार भाषा एका वाक्यात बोलल्या जातात आणि तरी माणसाचं मन कुणाच्या कानी पडत नाही. तुम्ही मात्र इथे एकेका शब्दापाशी थांबलात. तुमचे गुडघे दुखायचे थांबोत, तुमची नजर आणि जीभ अशीच धारदार राहो, आणि आमच्या अहवालांतली विशेषणं खोडायला तुम्ही आम्हाला पुष्कळ वर्षं लाभा, ही तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांची, रुग्णांची आणि माझी मनापासूनची इच्छा आहे.

हा लेख पुरा करण्याआधी मी तारोडीला जाऊन आलो. आंटी अंगणात नातीची वेणी घालत होत्या. बहिणीचा आवाज आता येत नाही. कधी आठवण येते तेव्हा त्या रडतात आणि कामाला लागतात. बाईंच्या सत्काराचं मी सांगितलं आणि त्यांच्यासाठी काही निरोप आहे का विचारलं. आंटींनी वेणीची गाठ मारली, विचार केला आणि म्हणाल्या, “तिला सांग, शंबर वर्सं जग. मना पन जगून बघायचा हाय.”